घरची बोलेरो शेतवाटेच्या कामाला जुंपताना

भोर तालुक्याच्या पश्चिम भागातील आमची जमीन डांबरी रस्त्यापासून पावणेदोन किलोमीटर आत आहे. या अंतराचा पहिला टप्पा मुरमाचा, दुसरा भातखाचरांच्या कडेने जाणाऱ्या पाणंदीचा आणि शेवटचा ओढा ओलांडल्यानंतर लागणाऱ्या कातळाच्या चढणीचा आहे. उन्हाळ्यात कोणतीही उंच गाडी ही वाट दहा मिनिटांत पार करते. आषाढात मात्र ट्रॅक्टरच्या चाकोऱ्यांत गुडघाभर चिखल साचतो आणि चढणीवरचा कातळ शेवाळाने निसरडा होतो. रोपे, खताच्या गोण्या, डिझेल पंप, पाण्याचे ड्रम आणि दोन-तीन माणसे एवढा पसारा याच वाटेने नेण्यासाठी आम्ही घरची बोलेरो तयार केली. उरलेल्या दिवसांत तीच गाडी पुण्यात शाळा, बाजार आणि दवाखाना अशी फिरत असते. पुढील सर्व सूचना अशा दुहेरी कामाच्या गाडीसाठी आहेत. स्पर्धेसाठी किंवा केवळ डोंगरदऱ्यांत हौसेने फिरण्यासाठी तयार होणाऱ्या गाडीचे गणित वेगळे असते.

बोलेरोचे उदाहरण घेण्याचे कारण ती घरोघरी आहे, एवढेच नव्हे. तिची बांधणी शिडीसारख्या चॅसीवर आहे, मागे दोन्ही चाकांना जोडणारा अखंड अॅक्सल आणि पाटे (एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आहेत, तिचे काम तालुक्याच्या कोणत्याही मिस्त्रीला जमते आणि सुटे भाग बाजारपेठेच्या गावात मिळतात. सध्याच्या गाडीत १.५ लिटरचे, तीन सिलिंडरचे, ७५ अश्वशक्तीचे डिझेल इंजिन आहे, जमिनीपासूनची उंची १८० मिलिमीटर आहे आणि ताकद केवळ मागच्या चाकांना जाते. हा शेवटचा मुद्दा विसरून केलेला खर्च वाया जातो. ज्यांचे काम वर्षभर चारही चाकांच्या ओढीशिवाय होणारच नाही, त्यांनी चारही चाकांना ओढ असलेली थार किंवा स्कॉर्पिओ-एन पाहावी. दोन चाकांची ओढ असलेल्या गाडीत दुसऱ्या गाडीचा ट्रान्सफर केस (ताकद पुढच्या चाकांकडेही वळवणारी पेटी) आणि पुढचा अॅक्सल बसवण्याचा उद्योग करू नये, कारण त्यात पैसा, कायदा आणि विमा तिन्ही अंगांनी नुकसान होते.

आधी वजनाचा हिशेब

गॅरेजमध्ये जाण्यापूर्वी कागद घेऊन गाडीला वर्षभरात करावे लागणारे सर्वांत जड काम लिहून काढावे. आमचे काम असे निघाले: दोन माणसे १४० किलो, भरलेला २०० लिटरचा ड्रम सुमारे २१० किलो, युरियाच्या ४५ किलोच्या चार गोण्या १८० किलो, पंप आणि पाइप ६० किलो. बेरीज ५९० किलो. सात आसनांच्या गाडीत माणशी ७० किलो धरले, तर कंपनीने गृहीत धरलेला भार ४९० किलोच्या आसपास येतो. नेमका आकडा हवा असल्यास गाडीचे कमाल एकूण वजन आणि रिकाम्या गाडीचे वजन माहितीपुस्तिकेतून व नोंदणी प्रमाणपत्रावरून घेऊन वजाबाकी करावी. म्हणजे सर्वांत जड दिवशी आमची गाडी कोणताही बदल करण्याआधीच शंभरेक किलोंनी जादा भरत होती. यावरचा उपाय जाड पाटे हा नव्हता. दोन फेऱ्या करणे, किंवा ड्रम रिकामा नेऊन पाणी ओढ्यावरून पंपाने चढवणे हा होता. आम्ही दुसरा मार्ग घेतला.

या हिशेबाचा दुसरा उपयोग असा, की पुढचा प्रत्येक बदल याच शिलकीतून वजा होतो. चार मिलिमीटर जाडीच्या लोखंडी पत्र्याचे वजन दर चौरस मीटरला सुमारे ३१ किलो असते, तर सहा मिलिमीटर अॅल्युमिनियमचे सुमारे १६ किलो. छपरावरचा कॅरियर, त्यावर जादा टायर, मागे शिडी, पुढे लोखंडी बंपर अशी सजावट करत गेल्यास शंभर-सव्वाशे किलो सहज वाढतात आणि तेवढ्याच वजनाच्या गोण्या घरी राहतात. कामाच्या गाडीत शोभेच्या वस्तूने कामाचे वजन खाल्ले, तर तिला बदल का म्हणावे, हा प्रश्न आम्ही गॅरेजवाल्यांना नेहमी विचारतो आणि उत्तर मिळत नाही.

कागदपत्रे आणि कायद्याची मर्यादा

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळे ठरतील असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हीच बाब ठामपणे सांगितली, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये अशा बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. पुढे बसवल्या जाणाऱ्या लोखंडी क्रॅश गार्डवर केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच बंदी घातली. धडकेत पादचाऱ्याला होणारी इजा त्या गार्डमुळे वाढते आणि धक्का चॅसीपर्यंत वेगळ्या मार्गाने पोहोचल्याने एअरबॅग उघडण्याची वेळही चुकू शकते.

म्हणून आम्ही एक साधा नियम पाळला: जे बोल्टने बसते, पान्याने निघते आणि गाडीची लांबी, रुंदी, आसनसंख्या, इंजिन किंवा चॅसी यांना हात लावत नाही, तेवढेच करायचे. चॅसीवर वेल्डिंग करायचे नाही आणि नवी भोके पाडायची नाहीत. तापवलेल्या जागी पोलादाची ताकद बदलते आणि तडा बहुधा वेल्डच्या कडेपासूनच सुरू होतो. जे काही बसवले जाईल ते विमा कंपनीला लेखी कळवावे आणि शंका असलेल्या बाबतीत परिवहन कार्यालयात आधी विचारावे. पांढऱ्या पाटीच्या गाडीतून शेजाऱ्याचा माल भाडे घेऊन वाहणे हा वेगळा गुन्हा आहे, हेही येथेच नोंदवतो, कारण गाडी तयार झाली की अशी मागणी आपोआप येऊ लागते.

टायर: पहिला आणि सर्वांत मोठा खर्च

एकूण रकमेचा निम्मा भाग टायरवर गेला तरी हरकत नाही. गाडीसोबत येणारे टायर डांबरी रस्त्यासाठी असतात. त्यांच्या खाचा अरुंद असल्याने काळी चिकण माती त्यात पहिल्या वीस मीटरमध्येच भरते आणि चाक गुळगुळीत होऊन जागच्या जागी फिरते. दुसऱ्या टोकाला केवळ चिखलासाठीचे मड-टेरेन टायर असतात, ज्यांचे मोठे ठोकळे चिखल झटकून टाकतात. पण ओल्या डांबरावर त्यांची पकड कमी पडते, आवाज असह्य होतो आणि ते लवकर झिजतात. मुंबई-बंगळुरू महामार्गावरून आठवड्यातून दोनदा जाणाऱ्या गाडीला ऑल-टेरेन टायरच योग्य. त्यातही बाजूची भिंत जाड असलेला प्रकार निवडावा. सह्याद्रीतील बेसॉल्टचा फुटलेला दगड आणि कोकणातील जांभ्याची कड टायरच्या तळाला क्वचितच मारते. ती भिंत कापते, आणि भिंतीवरचा काप पंक्चरवाल्याकडे दुरुस्त होत नाही.

माप बदलण्याचा मोह सर्वांना होतो, म्हणून त्याचे गणित येथे करून दाखवतो. बोलेरोचे मूळ माप २१५/७५ आर १५ आहे. म्हणजे रुंदी २१५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ७५ टक्के, म्हणजे सुमारे १६१ मिलिमीटर, आणि रिम १५ इंची. चाकाचा पूर्ण व्यास सुमारे ७०४ मिलिमीटर भरतो. त्याऐवजी २३५/७५ आर १५ घेतल्यास व्यास सुमारे ७३४ मिलिमीटर होतो. व्यासात ३० मिलिमीटरची वाढ झाली तरी गाडी त्याच्या निम्मीच, म्हणजे १५ मिलिमीटर उचलली जाते. त्या बदल्यात स्पीडोमीटर ६० दाखवत असताना गाडी प्रत्यक्षात सुमारे साडेबासष्टच्या वेगाने धावते, प्रत्येक गियर चार टक्क्यांनी लांब होतो आणि ७५ अश्वशक्तीच्या इंजिनाला चढणीवर नेमकी तीच चार टक्के ताकद कमी पडते. शिवाय हँडल पूर्ण वळवल्यावर टायर आतल्या पत्र्याला घासतो का, हे पाहावे लागते. आम्ही मूळ मापातच ऑल-टेरेन टायर घेतले आणि त्याचा कधी पश्चात्ताप झाला नाही.

खरेदी करताना भिंतीवरचा भारांक तपासावा. भारांक १०० म्हणजे एका टायरवर कमाल ८०० किलो, १०४ म्हणजे ९०० किलो. मूळ टायरपेक्षा कमी भारांकाचा टायर स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. ‘डॉट’ या खुणेच्या ओळीतील शेवटचे चार आकडे उत्पादनाचा आठवडा आणि वर्ष सांगतात. २३२४ असे असल्यास टायर २०२४ च्या तेविसाव्या आठवड्यातील आहे. पाचवा टायरही त्याच प्रकारचा घ्यावा, कारण तो पाणंदीतच लागतो.

हवेविषयी अधिक सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण याइतका परिणाम देणारा आणि फुकट असा दुसरा बदल नाही. चिखलात किंवा सुट्या मुरमात शिरण्यापूर्वी हवा १८ ते २० पीएसआयपर्यंत (पीएसआय म्हणजे हवेचा दाब मोजण्याचे एकक) उतरवली, की टायर लांबट बसतो, जमिनीला टेकणारा पट्टा वाढतो आणि दगडावर भिंत वाकून त्याला वळसा घालते. साध्या रिमवर १५ पीएसआयच्या खाली जाऊ नये, अन्यथा वळणावर टायर रिमवरून निसटतो. भार जास्त असल्यास मागची हवा पुढच्यापेक्षा चार-पाच पीएसआयने अधिक ठेवावी. हवा उतरवलेल्या अवस्थेत वेग ताशी २० ते २५ किलोमीटरच्या पुढे नेऊ नये आणि डांबरावर येताच ती पूर्ववत भरावी. कमी हवेचा टायर वेगात तापतो आणि फुटतो. यासाठी लागणारा १२ व्होल्टचा कंप्रेसर थेट बॅटरीच्या टर्मिनलला चिमट्यांनी जोडण्याचा असावा. सिगारेट लायटरच्या सॉकेटवर चालणारी छोटी यंत्रे एवढे मोठे टायर भरताना तापतात किंवा फ्यूज उडवतात. सोबत साधा पण विश्वासू प्रेशर गेज ठेवावा. पंपावरच्या आणि कंप्रेसरवरच्या आकड्यात फरक आढळणे ही नेहमीची बाब आहे.

एक चाक हवेत, दुसरे स्वस्थ

मागच्या दोन चाकांत फिरकी वाटणाऱ्या साध्या डिफरन्शियलचा स्वभाव असा, की ज्या चाकाला विरोध कमी त्या चाकाकडे सगळी फिरकी जाते. एक मागचे चाक चाकोरीत लटकले, की ते भिरभिरते आणि कोरड्या जमिनीवरचे दुसरे चाक स्वस्थ बसते. बोलेरो निओच्या एका प्रकारात यासाठी कंपनीकडूनच यांत्रिक लॉक होणारे डिफरन्शियल मिळते आणि नवी गाडी घेणाऱ्याने त्या पर्यायाचा विचार अवश्य करावा. ज्यांच्याकडे साधीच गाडी आहे, त्यांच्यासाठी तीन गोष्टी उपयोगी पडतात. पहिली, रिकाम्या गाडीत मागच्या अॅक्सलवर पन्नास-पन्नास किलोच्या वाळूच्या दोन गोण्या घट्ट बांधून ठेवणे. मागच्या चाकांच्या ओढीच्या गाडीला रिकामी जाताना अडचण अधिक येते, भरलेली जाताना कमी. दुसरी, चाक भिरभिरू लागताच हँडब्रेक दोन-तीन दाते ओढून हलका अॅक्सिलरेटर देणे. हँडब्रेक मागच्या ड्रमवर काम करत असल्याने मोकळ्या चाकाला कृत्रिम विरोध मिळतो आणि काही फिरकी दुसऱ्या चाकाकडे वळते. तिसरी, चाकाखाली घालण्याच्या खाचदार प्लॅस्टिक पट्ट्यांची जोडी. त्या नसतील तर जुन्या गोणपाटावर फांद्या घालून काम भागते, मात्र गोणपाट चाकाबरोबर मागे फेकले जाते, म्हणून मागे कोणी उभे राहू नये.

अडकलेली गाडी काढण्याची तयारी

आपल्याकडे गाडी रुतली की पहिली मदत ट्रॅक्टरची येते. ट्रॅक्टरवाला मनापासून येतो, पण त्याच्याकडे साखळी असते आणि ती तो हाताला लागेल त्या ठिकाणी अडकवतो. आमची गाडी पहिल्यांदा रुतली तेव्हा साखळी मागच्या बंपरच्या ब्रॅकेटला बांधली गेली, आणि गाडी बाहेर येण्यापूर्वी ब्रॅकेट बाहेर आले. म्हणून ओढण्याची जागा आणि ओढण्याचा पट्टा या दोन्ही गोष्टी स्वतःच्या हव्यात.

कंपनीने दिलेला टो हुक चॅसीला कोठे आणि किती बोल्टने धरला आहे, हे गाडी रॅम्पवर असताना पाहून घ्यावे. पुढे आणि मागे एकेक जागा खात्रीची असावी, बोल्ट ८.८ दर्जाचे असावेत आणि त्यांवर गंज असल्यास ते बदलावेत. मागे टो बॉल (ट्रेलर अडकवण्याचा लोखंडी गोळा) बसवलेला असला, तरी झटक्याने ओढण्यासाठी त्याचा वापर कधीही करू नये. तुटलेला बॉल तोफगोळ्यासारखा सुटतो. अॅक्सल, स्टीयरिंगचे रॉड आणि पाट्यांचे शॅकल (पाट्याचे टोक चॅसीला टांगणाऱ्या पट्ट्या) यांनाही पट्टा बांधू नये. पट्टा अडकवण्यासाठी ४.७५ टन क्षमता कोरलेले धनुष्याकृती शॅकल (पिनेच्या कड्या) दोन, ताणणारा नऊ मीटरचा पट्टा एक आणि न ताणणारा रुंद पट्टा एक, एवढे सामान पुरते. झाडाला बांधताना रुंद पट्टाच वापरावा, कारण तारेचा दोर आंब्या-जांभळाची साल कापतो आणि ते झाड पुढच्या वर्षी आपल्याच उपयोगाचे राहत नाही.

विद्युत विंचसाठी (तार गुंडाळून गाडी ओढणाऱ्या यंत्रासाठी) पुढे लोखंडी बंपर लागतो आणि तो कायद्यात बसत नाही, हे वर आलेच आहे. त्याऐवजी आम्ही तारेवर चालणारे १.६ टनांचे हाताचे खेच-यंत्र घेतले. बांधकामावर आणि विहिरीच्या कामावर ते नेहमी दिसते. रिमपर्यंत रुतलेली गाडी काढण्यासाठी गाडीच्या वजनाइतका जोर लागतो असे ठोकताळ्याने धरले जाते, त्यामुळे भरलेल्या बोलेरोला एकेरी तार अपुरी पडते. तार कप्पीतून परत आणून दुहेरी केली, की जोर जवळपास दुप्पट होतो आणि वेग निम्मा. आधी फावड्याने चाकापुढची माती काढली, तर यातील बरीचशी मेहनत वाचते. तार किंवा पट्टा ताणलेला असताना त्यावर ओले गोणपाट टाकावे, म्हणजे तुटल्यास तो कमी उसळतो, आणि बघ्यांना तारेच्या लांबीपेक्षा अधिक दूर उभे करावे. गावात हे दुसरे काम पहिल्यापेक्षा कठीण असते.

उंची वाढवावी का?

याविषयी आमचे मत अनुभवाने बदलले. सुरुवातीला एका गॅरेजने मागच्या पाट्यांना मूळपेक्षा सुमारे ८० मिलिमीटरने लांब शॅकल बसवून दिले. शॅकलची लांबी जेवढी वाढते त्याच्या निम्मीच गाडी उचलली जाते, त्यामुळे मागून ४० मिलिमीटर उंची मिळाली आणि गाडी रुबाबदार दिसू लागली. पण अॅक्सल किंचित फिरला, प्रोपेलर शाफ्टचा (गियरबॉक्सची फिरकी मागच्या अॅक्सलला पोहोचवणाऱ्या दांड्याचा) कोन बदलला, साठच्या वेगाला तळातून थरथर येऊ लागली आणि चार महिन्यांत शाफ्टचा क्रॉस, म्हणजे सांधा, गेला. हेडलाइटचा झोत रस्त्याऐवजी पायाशी पडू लागला. ज्या गाड्यांत मागच्या ब्रेकचा दाब अॅक्सल आणि चॅसी यांमधील अंतरावरून ठरवणारा व्हॉल्व्ह असतो, त्यांत तर अशा उंचीमुळे गाडी भरलेली असूनही मागचा ब्रेक रिकाम्या गाडीइतकाच लागतो.

याहून मूलभूत बाब अशी, की अखंड अॅक्सलच्या गाडीत मागचा सर्वांत खालचा बिंदू डिफरन्शियलचे हाउसिंग असतो आणि ते चाकांच्या बरोबरीने जमिनीशी बांधलेले असते. पाटे कितीही उंच केले तरी हाउसिंग एक मिलिमीटरही वर जात नाही. ते केवळ मोठ्या टायरने वर जाते. म्हणजे चाकोरीच्या मधल्या उंचवट्याला हाउसिंग घासत असेल, तर उंचीच्या किटने काहीच साधत नाही. अशा वाटेवर एक चाक मधल्या उंचवट्यावर आणि दुसरे चाकोरीबाहेरच्या कडेवर चढवून जाणे, एवढाच उपाय आहे.

शॅकल काढून टाकल्यावर आम्ही केवळ थकलेले पाटे नीट करून घेतले. बसलेली कमान पुन्हा उठवली, तुटलेला एक पाटा बदलला, सर्व बुश नवे घातले आणि शॉक अॅब्सॉर्बर बदलले. गाडी तेवढ्यानेच मागून हाताच्या तीन बोटांइतकी वर आली. मूळ उंची परत मिळवणे हे नवी उंची वाढवण्यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ असते. पाट्यांचा जादा जोर हवाच असल्यास सेवा केंद्राच्या सल्ल्याने एकच मदतीचा पाटा वाढवावा, आणि रिकामी गाडी त्यामुळे उसळते हे स्वीकारावे.

पोटाखालचे संरक्षण

इंजिनच्या तेलाचे चेंबर फुटले, तर गाडी तेथेच संपते. त्याखाली बोल्टने बसणारा संरक्षक पत्रा ही टायरनंतरची दुसरी आवश्यक खरेदी आहे. पत्रा चॅसीच्या मूळ भोकांना धरावा, तेल सोडण्याच्या बोल्टखाली त्याला झडप किंवा भोक असावे आणि हवा खेळण्यासाठी खाचा असाव्यात, अन्यथा दर वेळी तेल बदलताना मिस्त्री तो पत्रा परत बसवायला विसरतो. डिझेलच्या टाकीची आणि ब्रेकच्या नळ्यांची जागाही पाहावी. बाजूचे शोभेचे पायदान काढून ठेवले, तर दगडावर अडकणारी एक गोष्ट कमी होते.

पाणी, श्वासनळ्या आणि एअर फिल्टर

पाण्यातून जाण्यासाठी स्नॉर्केल (इंजिनाला छपराच्या उंचीवरून हवा देणारी नळी) हवे, असा समज आहे. वास्तविक घरच्या गाडीला ते फारसे उपयोगी नाही. वाहत्या पाण्यात तीसेक सेंटिमीटरची खोली लहान मोटारीला आणि साठ सेंटिमीटरची खोली बहुतेक मोठ्या गाड्यांना वाहून नेऊ शकते, म्हणजे हवा घेण्याच्या नळीपर्यंत पाणी पोहोचण्याच्या कितीतरी आधी गाडीचा ताबा सुटलेला असतो. फरशी पुलावरून पाणी जात असेल आणि कडेचे दगड दिसत नसतील, तर अलीकडेच थांबावे. ओढा पार करण्यापूर्वी चालत जाऊन, काठीने तळ चाचपून, अर्ध्या चाकापेक्षा खोल नाही याची खात्री करावी आणि पहिल्या गियरमध्ये न थांबता हळू जावे. पाण्यात इंजिन बंद पडले, तर पुन्हा स्टार्टर मारू नये. सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उघडावे लागते.

ज्याकडे सहसा कोणी पाहत नाही ती गोष्ट म्हणजे मागच्या अॅक्सलची श्वासनळी, म्हणजे आतली हवा आत-बाहेर जाण्याची वाट. चालून तापलेला अॅक्सल ओढ्याच्या गार पाण्यात शिरला, की आतली हवा आकसते आणि सील किंवा श्वासनळीच्या तोंडातून पाणी आत ओढले जाते. तेथे डिझेलसाठीची रबरी नळी जोडून तिचे तोंड मागच्या दिव्याच्या उंचीवर, खाली वळवून, छोट्या फिल्टरसह बांधावे. नळी अॅक्सलच्या हालचालीत ताणली जाणार नाही इतकी सैल असावी. गियरबॉक्सच्या श्वासनळीचेही असेच करावे. हे काम दोन तासांचे आणि किरकोळ खर्चाचे आहे. पावसाळ्यानंतर डिफरन्शियलच्या तेलाचे थेंब बोटावर घेऊन पाहावेत. दुधाळ दिसल्यास पाणी शिरले आहे आणि तेल त्वरित बदलावे. उन्हाळ्यात हीच काळजी एअर फिल्टरची घ्यावी, कारण मुरमाच्या धुळीत सेवापुस्तिकेतील अंतर पूर्ण होण्याची वाट पाहता येत नाही.

बीएस ६ या प्रदूषण मानकाच्या, म्हणजे एप्रिल २०२० नंतरच्या ज्या डिझेल गाड्यांत काजळीचा फिल्टर असतो, त्यांना केवळ शेतात रेंगाळणे मानवत नाही. फिल्टर जाळून स्वच्छ होण्यासाठी गाडी आठवड्यातून एकदा तरी महामार्गावर वीस-पंचवीस मिनिटे एकसारख्या वेगाने चालवावी. फिल्टर साफ होत असताना एक्झॉस्ट अतिशय तापतो, म्हणून अशा वेळी गाडी वाळलेल्या गवतावर उभी करू नये. दिवाळीनंतर आमच्या भागातील माळ पेटायला एवढे कारण पुरे असते.

वीज आणि आतली व्यवस्था

संध्याकाळी माल उतरवण्यासाठी मागे कामाचा दिवा हवा. ४० वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर सुमारे सात अँपिअर ओढतात. त्यासाठी अडीच चौरस मिलिमीटरची तार, रिले आणि बॅटरीच्या शेजारीच १५ अँपिअरचा फ्यूज पुरतो. हेडलाइटच्या तारा सोलून जोड देऊ नये, कारण नव्या गाड्यांतील नियंत्रण-संगणक असा जोड ओळखतो आणि वॉरंटीचा प्रश्न उभा राहतो. हा दिवा सार्वजनिक रस्त्यावर बंद आणि झाकलेला असावा. शेतावर मुक्काम असेल तर बॉनेटमध्ये उंदीर शिरतात. आमच्याकडे तंबाखूची पाने फडक्यात बांधून ठेवतात, पण आम्हाला अधिक गुण आला तो तारांभोवती गुंडाळलेल्या लोखंडी जाळीचा.

आतील मागची आसने काढून टाकू नयेत, कारण आसनसंख्या नोंदणीत असते. ती दुमडून त्यांवर १२ मिलिमीटरच्या पाणी न शोषणाऱ्या प्लायची फळी ठेवावी. ओढपट्ट्यांसाठीच्या कड्या आसनांच्या मूळ बोल्टखालीच धराव्यात. पंप मोकळा ठेवून अचानक ब्रेक मारला, तर तो चालकाच्या पाठीवर येतो, म्हणून जड वस्तू अॅक्सलच्या पुढे, खाली आणि दोन दिशांनी बांधलेल्या असाव्यात. कापडी गालिचा काढून रबरी घालावा. ओला गालिचा पावसाळाभर वाळत नाही आणि त्याखालचा पत्रा सडतो. चॅसीच्या पोकळीत साचलेला चिखलही असाच ओल धरून ठेवतो, तेव्हा आठवड्यातून एकदा खालून पाण्याचा जोरदार मारा करून निचऱ्याची भोके मोकळी करावीत. समुद्रकाठच्या गावांत हे दर दोन दिवसांनी करावे लागते.

पहिला महिना

सर्व बदल एकदम करू नयेत. एकेक बदल करून त्यासह रिकामी, अर्धी आणि पूर्ण भरलेली अशी तीन वेळा तीच वाट चालवून पाहावी, म्हणजे थरथर किंवा आवाज कशामुळे आला हे कळते. नवे टायर बसवल्यानंतर शंभर किलोमीटरने चाकांचे नट पुन्हा टॉर्क पान्याने आवळावेत, आणि पाट्यांचे काम झाल्यावर पाचशे किलोमीटरने पाटे अॅक्सलला धरणारे यू-बोल्ट आवळून घ्यावेत. ते सैल राहिल्यास पाट्यांमधला मधला बोल्ट तुटतो आणि अॅक्सल तिरका सरकतो. आमच्या गाडीत तीन आठवड्यांनंतर डावीकडचा पुढचा यू-बोल्ट पाऊण फेरा आवळला गेला होता, म्हणून आता डॅशबोर्डच्या कप्प्यात एका वहीत पान्याचा आकडा, तारीख आणि किलोमीटर लिहून ठेवतो.